दात घासून काय होणार? आधी बोअरचं पाणी तपासा

माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी हसताना तोंडावर हात धरते. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, मधे तपकिरी डाग. पोरं चिडवतात. मीही दोन वर्षं तिला "नीट ब्रश करत जा" म्हणून रागावलो. शेवटी तिची आई शाळेत आली. "मास्तर, मन्ही पोर रोज दात घासस, तरी डाग जात नही." त्या माउलीचं खरं होतं, चूक माझी होती.

हे फ्लोरोसिसचे डाग. पक्के दात हिरडीत घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पोटात फ्लोराइड (पाण्यात विरघळलेला एक क्षार) जास्त गेलं की दाताचं कवच कच्चं राहतं. मग कितीही घासा.

सध्या व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतला वाद फिरतोय: फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते का? तिथे दात किडू नयेत म्हणून 1945 पासून बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात, आता लिटरला 0.7 मिलिग्रॅम. ते वाचून, पेस्टमध्येही फ्लोराइड असतं म्हणून, आमच्याकडे काहींनी पोरांची पेस्टच बंद केली. अहो, असं करू नका! लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट द्या, थुंकायला शिकवा.

आपल्याकडे फ्लोराइड कोणी टाकत नाही, ते खडकातून उतरतं. आमच्या अमळनेरकडे विहिरी आटल्या की बोअर आणखी खाली जातो, आणि खडकात मुरलेलं ते पाणी आपण पोरांना पाजतो. 2024 च्या अमेरिकी सरकारी अहवालात लिटरभर पाण्यात 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मांडलाय. 0.7 बद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. भारतीय मानकात मर्यादा 1, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. म्हणजे काळजी करायची ती आपल्या बोअरची. (ती मुलगी गणितात वर्गात पहिली आहे. डाग बघून कोणाच्या पोराला ढ ठरवू नका.)

जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावातल्या पाच बायांना शिकवतात. आमच्या गावचं किट कपाटात कुलुपात होतं. बचत गटातल्या ताईंनी मागून काढलं. शाळेमागच्या बोअरच्या पाण्यात थेंब टाकले, रंग 1.5 च्या वरच्या खान्याशी जुळला. आता बाटली प्रयोगशाळेत गेलीये. तोवर पिण्याला दुसऱ्या विहिरीचं पाणी. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं वाढतंच.

त्या मुलीचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे. त्याचे पक्के दात आत्ता घडताहेत.