‘नखं जरा खोलवर कापतात, इतकंच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मांजरांची नखं शस्त्रक्रियेने कायमची काढून टाकण्याच्या अमेरिकेतल्या प्रथेवर मी मागे लिहिलं, त्याखाली ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बरेच वाचक खालपर्यंत जात नाहीत, म्हणून ती इथेच देते :

“बाई, लेख भडक आहे. बोटं वगैरे काही छाटत नाहीत, भूल देऊन नखं जरा खोलवर कापतात, इतकंच. आमच्या बोक्याची काढली आहेत आणि तो ठणठणीत आहे. माझ्या सासूबाई रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, त्यांचे हात बोचकारले गेले असते तर तुम्ही धावून आला असता का? शेल्टरमध्ये मारलं जाण्यापेक्षा नखांशिवाय जगणं बरं. न्यूयॉर्कच्या व्हेट लोकांनीही बंदीला विरोधच केला होता. आणि नसबंदी करताना तुमचा कळवळा कुठे जातो? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं!!!”

तीन उद्गारचिन्हं मूळचीच आहेत. (शेल्टर म्हणजे सोडून दिलेल्या प्राण्यांचा निवारा, आणि व्हेट म्हणजे पशुवैद्यक.)

आधी ‘बाई’बद्दल. मला कुणी बाई म्हटलं तर राग येत नाही, आमच्या शाळेत बाईंना मान होता. पण तुमच्या वाक्यातली बाई ती नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लेख न पटलेल्या इतर वाचकांनीही कळवलं आहे, एका काकांनी तर मुद्द्यामागून मुद्दा खोडला आहे, आणि त्यांना मी तसंच सविस्तर उत्तर दिलं आहे. तुमच्यासारखा सूर त्यांच्यापैकी कुणी लावला नाही. बरं, एवढा स्पष्टवक्तेपणा करायचाच होता, तर तो स्वतःच्या नावाने केला असता तर जास्त शोभला असता.

आता उंट. मी कुठल्या उंटावर बसले आहे ते सांगते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलो, त्यानंतर काही वर्षांनी एक मराठी कुटुंब कायमचं भारतात परत निघालं. त्यांची मांजर त्यांना नेता येत नव्हती. आम्ही घेतली. तिथे ती स्नोई होती, आमच्याकडे मनी झाली. देताना त्या ताईंनी कौतुकाने सांगितलं, “फर्निचरची काळजीच नको, पुढची नखं काढलेली आहेत.” मी तेव्हा हे ऐकून घेतलं आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. सोफा नवा होता.

मनी मातीच्या दाण्यांच्या लिटरमध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या खोक्यात, पाय ठेवायची नाही. पायपुसणं, न्हाणीघरातली चटई, धुवायच्या कपड्यांचा ढीग, मऊ काही दिसलं की तिथे. पुढच्या पंजाला हात लागला की चावायची, आणि ते खेळातलं चावणं नव्हतं. दात रुतायचे. आम्ही तिला ‘खडूस’ ठरवून मोकळे झालो होतो. शेवटी एका डॉक्टरांनी पंजांचा एक्स-रे काढला, तर बोटांच्या टोकांशी हाडाचे बारीक तुकडे राहून गेलेले दिसले. पुढे पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, कागदाच्या गोळ्यांचं लिटर, वेदनाशामक औषधं. चावणं जवळपास बंद झालं, चटईचा प्रकार मात्र शेवटपर्यंत अधूनमधून चालूच राहिला. रात्री उठून त्या चटया मी धुतल्या आहेत. तेव्हा उंट, शेळ्या वगैरे कृपा करून मला सांगू नका.

तर तुमचं वाक्य : ‘नखं जरा खोलवर कापतात, इतकंच.’

माणसाचं नख कातडीतून उगवतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या पेरातल्या हाडाला धरून असतं आणि त्या हाडाच्या बुडाशी असलेल्या पेशींमधून वाढतं. त्या पेशी मागे राहिल्या तर नख पुन्हा उगवतं, कधी वाकडं, कधी आतल्या आत. म्हणून नख कायमचं घालवायचं तर ते पेरच सांध्यातून वेगळं करावं लागतं. शिरा, स्नायूबंध, अस्थिबंध, सगळं कापून. पुढच्या एका पंजाला पाच बोटं, म्हणजे दोन पंजांची मिळून दहा पेरं. मागचीही काढली तर आणखी आठ. मी लेखात ‘तुमच्या बोटांची शेवटची पेरं छाटल्यासारखं’ असं लिहिलं, ते तुम्हाला भडक वाटलं. वाटू दे. पशुवैद्यकीय पुस्तकांत या शस्त्रक्रियेचं वर्णन अंगविच्छेदन असंच आहे. तिथे भाषा थंड आहे एवढाच फरक. हातोहात कापणारं गिलोटीनसारखं यंत्र वापरा, स्कॅल्पेल वापरा, नाहीतर लेझर. लेझरने रक्त कमी जातं, सुरुवातीचे दिवस थोडे सुसह्य होतात. काढायचं पेर तेच असतं.

आणि मांजर बोटांवर चालतं. माणसासारखी टाच टेकवून नाही, कुत्र्यासारखं. शरीराचा भार ज्या पेरांवर येतो, तीच काढली की पुढचं पाऊल वेगळ्या हाडावर पडायला लागतं, आणि पावलाची ठेवण बदलली की त्याचा ताण वर खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत जातो. यात माझ्या भावना कुठे आल्या? हे हाडांचं गणित आहे.

‘बोका ठणठणीत आहे.’ असेल. मी तुमचा बोका पाहिलेला नाही, तो ठणठणीत असला तर मला आनंदच आहे. पण मांजराला दुखत असलं की ते ओरडत नाही. ते उड्या कमी मारतं, जास्त झोपतं, उचलून घेऊ देत नाही, आणि आपण म्हणतो, वय झालं, शांत झालाय. 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’त एक अभ्यास आला होता. 274 मांजरं, त्यातली निम्मी, म्हणजे 137, नखं काढलेली. नखं काढलेल्यांमध्ये पाठदुखीची, खोक्याबाहेर शी-शू करण्याची आणि चावण्याची शक्यता कितीतरी जास्त आढळली. आणि त्यांच्यातल्या 63 टक्क्यांच्या पंजांत एक्स-रेमध्ये हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. मनीचा एक्स-रे हातात घेऊन बसलेल्या मला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. हो, हा अभ्यास दोनच ठिकाणच्या मांजरांचा आहे आणि त्यावरून प्रत्येक बोक्याचं भविष्य सांगता येत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण तुमच्या बोक्याचा एक्स-रे काढलाय का? नसेल तर ‘ठणठणीत’ हा शब्द कशाच्या जोरावर, एवढंच विचारते.

न्यूयॉर्कबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि बरोबर असेल ते मी मान्य करते. तिथल्या पशुवैद्यकांच्या राज्य संघटनेने बंदीला विरोध केला होता. शेवटचा पर्याय म्हणून हा निर्णय डॉक्टर आणि मालक यांच्यात राहावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी 22 जुलै 2019 ला कायदा झालाच, तशी बंदी घालणारं न्यूयॉर्क हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि दंड एक हजार डॉलरपर्यंत. वैद्यकीय गरज असेल, म्हणजे गाठ, न भरणारा संसर्ग वगैरे, तर तिथेही परवानगी आहेच. 2022 मध्ये मेरीलँडने तीच वाट धरली. वेस्ट हॉलिवूडसारख्या छोट्या शहराने तर 2003 मध्येच हे केलं होतं. युरोपात पाळीव प्राण्यांविषयीच्या 1987 च्या करारातच नखं काढण्याला मनाई आहे, ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याखाली हे करता येत नाही, इस्रायलमध्ये 2011 पासून तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. आमच्या न्यू जर्सीच्या असेंब्लीने 2017 मध्ये विधेयक मंजूर केलं होतं, तेव्हा त्याचा कायदा काही झाला नाही. या सगळ्या देशांतले लोक सोफे वापरत नाहीत, असं तुम्हाला वाटतं का?

आपल्याकडचे लोक अमेरिकेत आल्यावर हे का शिकतात, याचा मला राग आहे, तो तुमच्यावर नाही. (थोडा तुमच्यावरही आहे.) पुण्यात आजोळच्या वाड्यात मांजरं होती. त्यांची नखं माळ्यावरच्या गोणपाटावर आणि जिन्याच्या लाकडी खांबावर चालायची. खांब खरवडलेला होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. इथे येऊन भाड्याच्या घराची अनामत रक्कम, तीन हजार डॉलरचा सोफा, आणि शेजारी सांगतो की नसबंदीबरोबरच नखंही उरकून टाका, म्हणजे एकाच भूलमध्ये काम होतं. उरकून! काही घरमालक ‘नखं काढलेली असतील तरच मांजर’ अशी अट घालतात, हे मला माहीत आहे. कॅलिफोर्नियात 2013 पासून घरमालकांना ती अट घालता येत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेते, कारण ते माझ्या मते मुद्दे नाहीत.

सासूबाई : त्यांना माझा नमस्कार, तब्येतीची काळजी घ्या. पण इथली सीडीसी, म्हणजे सरकारी आरोग्य यंत्रणा, रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांनासुद्धा मांजराची नखं काढायला सांगत नाही. मांजराशी दांडगाई करू नका, ओरखडा लगेच साबणाने धुवा, असं सांगते. आणि नखं गेलेलं मांजर दात वापरतं. दातांची जखम ओरखड्यापेक्षा खोल जाते आणि जास्त चिघळते. माझ्या मनगटावर खूण आहे.

शेल्टर : कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 2018 मध्ये बंदी आली, तेव्हा हेच भाकीत केलं गेलं होतं, की नखं काढता आली नाहीत तर लोक मांजरं शेल्टरमध्ये आणून सोडतील. नंतर तिथल्या शेल्टरच्या नोंदी तपासल्या, तर नासधुशीपायी सोडून दिलेल्या मांजरांची संख्या वाढलेली दिसली नाही.

नसबंदी : तिने मांजरीचा गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, स्तनांच्या गाठींचा कमी होतो, आणि कुणाला नको असलेली पिल्लं जन्माला येत नाहीत. नखं काढल्याने मांजराचा काय फायदा होतो ते मला सांगा, मग या विषयावर पुढे बोलू. तोवर नाही.

आता जे मूळ लेखात थोडक्यात होतं आणि तुम्ही बहुधा वाचलंच नाही (तुमची प्रतिक्रिया पहिल्या परिच्छेदापुढे जात नाही), ते जरा सविस्तर लिहिते. तुमच्यासाठी नाही. खाली दोघांनी तुमच्या प्रतिक्रियेला अंगठा दिला आहे, त्यांच्या घरी मांजराचं पिल्लू असेल तर त्यांच्यासाठी.

मांजर खोडीपायी ओरबाडत नाही. नखांवरचं जुनं वेष्टण त्याला काढून टाकायचं असतं, पाठ-खांदे ताणायचे असतात, आणि बोटांमधल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवायचा असतो. म्हणून ते थांबवता येत नाही, जागा मात्र बदलता येते. दुकानातून दीड फुटाचा हलका खांब आणून कोपऱ्यात ठेवायचा आणि मग ‘आमचं मांजर खांब वापरतच नाही’ म्हणायचं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. खांब निदान तीन फूट उंच हवा, पूर्ण ताण देता येईल असा. बूड जड हवं, तो एकदा जरी डगमगला तरी मांजर परत त्याकडे फिरकत नाही. त्यावर सिसलचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, दोर घट्ट गुंडाळलेला हवा. सिसल मिळाला नाही तर आपला काथ्याचा सुंभ चालतो, आमच्याकडच्या पहिल्या खांबाला तोच होता. आणि खांब कोपऱ्यात नको, ज्या सोफ्यावर राग आहे त्याच्या अगदी शेजारी हवा, किंवा मांजर झोपून उठतं त्या जागेजवळ, कारण उठल्या उठल्या त्याला ताण द्यायचा असतो. सोफ्याच्या त्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. पंजाला चिकट लागलेलं त्यांना मुळीच आवडत नाही. काही मांजरांना उभा खांब नको असतो, आडवा पुठ्ठा हवा असतो, तेव्हा दोन्ही ठेवून बघावं. खांबाशी गेलं की लगेच खाऊ द्या. सोफ्याशी गेलं की ओरडू नका, त्याने ते फक्त तुमच्या पाठीमागे करायला शिकतं.

नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापायची. मांजर पेंगत असताना मांडीवर घ्या, पंजाची गादी अलगद दाबली की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तो सोडून फक्त पारदर्शक टोक. एका बैठकीत सगळी झाली नाहीत तरी बिघडत नाही. पिल्लू असतानाच पंजे हाताळायची सवय लावली तर पुढे झटापट होत नाही. रक्त पातळ असलेल्या सासूबाई घरात असतील तर हे कुणीतरी नियमाने करायलाच हवं, आणि ते काम दर वेळी सासूबाईंवरच सोपवू नये.

आणि तरीही ओरखड्यांची भीती असेल तर नखांवर चिकटवायच्या विनाइलच्या टोप्या मिळतात, सॉफ्ट पॉज नावाने. एका पाकिटात चाळीस टोप्या आणि गोंद येतो. आधी नखांची टोकं कापायची, टोपीत गोंदाचा एकच थेंब, जास्त घातला तर तो केसांवर येतो. नख वाढलं की चार ते सहा आठवड्यांत टोपी आपोआप पडते, मग नवी लावायची. माप चुकलं तर टोप्या दोन दिवसांत निघतात आणि मग लोक वस्तूला शिव्या देतात, तेव्हा पाकिटावरचा तक्ता बघून घ्या. मोठ्या बोक्यांना बहुधा मध्यम किंवा मोठं माप लागतं. मागच्या पायांना लावायची गरज सहसा पडत नाही.