लॅक्टिक ॲसिड म्हणे विष!

व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप थोडक्यात असा: व्यायाम केला की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड नावाचं विष साठतं, दुसऱ्या दिवशीची अंगदुखी त्याचीच, अंगभर दाहही (सूज, इन्फ्लमेशन) तेच पसरवतं, मालिश करा, लिंबूपाणी प्या आणि ते बाहेर काढा.

साठतं? दम काढणाऱ्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट (शरीरात ते या रूपातच असतं) दहापटही वाढतं, हे खरं. पण तास-दीड तासात ते पूर्ववत होतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. बाहेर काढायला उरतंच काय? लिंबूपाणी खुशाल प्या, तहान भागेल.

अंगदुखीचं म्हणाल तर सिंहगड आठवा. धाप लागते चढताना, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर मांड्या बोंबलतात त्या उतरल्यामुळे. १९८३ मध्ये हे ट्रेडमिलवर तपासून झालंय. सपाटीवर धावणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं, पण नंतर काही दुखलं नाही. उतारावर धावणाऱ्यांचं वाढलं नाही, तरी पाय धरले. उतरताना स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं त्या इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं.

आता दाह. मुद्दा खरा इथे आहे, आणि निरोप इथेच सगळ्यात जास्त घसरतो. जंतूंची चाहूल लागली की मॅक्रोफेज या भक्षक पेशी भराभर ग्लुकोज फोडतात आणि त्यांच्यात लॅक्टेट वाढतं. ते नुसतं पडून राहत नाही. शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर लॅक्टेटपासून आलेला रासायनिक गट चिकटतो आणि काही तासांनी दुरुस्तीशी संबंधित जनुकं जागी होतात. म्हणजे दाह पेटवणाऱ्या पेशीलाच तो आवरण्याची सूचना तिच्याच लॅक्टेटकडून मिळते. त्याआधी, २०१४ मध्ये, स्वादुपिंड आणि यकृताचा दाह झालेल्या उंदरांना लॅक्टेट दिल्यावर इजा कमी झाली होती. उंदरांना, हं, उद्या कोणी त्याच्या गोळ्या विकायला काढू नयेत.

कारण लॅक्टेट साधूही नाही. संधिवाताने सुजलेल्या सांध्यात ते दिवसेंदिवस मुरून राहिलं की टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तिथेच अडकतात आणि दाह वाढवणारं आयएल-१७ हे प्रथिन सोडतात. कर्करोगाच्या गाठीत उलटंच: तिथलं लॅक्टेट मारक टी-पेशींना नामोहरम करतं आणि गाठीचं फावतं. कुठे, किती आणि किती काळ, यावर सगळं ठरतं.

'मग आयसीयूत लॅक्टेट का मोजतात?' हा या निरोपाखालचा ठरलेला प्रश्न. रास्त आहे. सेप्टिक शॉकच्या (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक घसरतो त्या अवस्थेच्या) २०१६ च्या व्याख्येत लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलहून जास्त असणं हा एक निकष आहे, कारण पेशींची ओढाताण त्यातून कळते. उपचार मात्र संसर्गावर आणि घसरलेल्या रक्तदाबावर होतात. लॅक्टेट उपसत कोणी बसत नाही.