मामांचं शेवटचं कडवं (दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

दादा नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज दिवसभर डोक्यात तीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहायलो. तुमचं म्हणणं असं की माझ्या पोस्टमध्ये लंडनच्या रेचल कीनला (रे हे तिचं स्टेजवरचं नाव, मी रेचलच म्हणतो) मी स्वतंत्र गायिका म्हणलो ते खोटंय, रेकॉर्ड कंपनीनंच तिला सात वर्षं पोसलं आणि नाव झाल्यावर ती निघून गेली. शिवाय असलं स्वातंत्र्य पैसेवाल्यांनाच परवडतं. आणि मराठवाड्यातल्या माणसानं तिच्यावर कशाला लिहायचं, आपल्या गावागावात शाहीर पडलेत त्यांना कोण विचारतं.

एक चूक माझी आहे, ती आधी मान्य करतो. पोस्टमध्ये मी "एकटीच्या जोरावर" असं लिहिलं, ते काढून टाकतो. अल्बम लोकांपर्यंत पोचवायला तिच्यामागं ह्युमन री सोर्सेस नावाची डिस्ट्रिब्युशन कंपनी होती, आणि सात वर्षांत झालेल्या ओळखी, स्टुडिओतला अनुभव हे पण कामाला आलंच असणार.

पण पोसलं म्हणता ते मला पटत नाही. २०१४ ला पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीनं तिला घेतलं तेव्हा ती अठराची पण नव्हती, करार चार अल्बमचा, आणि २०२१ उजाडलं तरी त्यातला एकही अल्बम बाहेर आला नव्हता. सुटी गाणी यायची, दुसऱ्यांच्या गाण्यात तिचा आवाज यायचा, ती दुसऱ्यांसाठी लिहायची, अगदी बियॉन्सेच्या गाण्यात पण तिचं लेखन आहे, पण स्वतःचा अल्बम म्हणलं की थांब. काही गाणी वर्षानुवर्षं पडून. शेवटी जून २०२१ मध्ये तिनं ट्विटरवर हे सगळं उघड लिहिलं, पुढच्याच महिन्यात कंपनी सुटली. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये 'एस्केपिझम' आलं, साडेचार मिनिटांचं, रेडिओवाल्यांच्या मापात न बसणारं गाणं, ते जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. फेब्रुवारीत अल्बम आला, आणि मार्च २०२४ ला एका रात्रीत सहा ब्रिट अवॉर्ड (ब्रिटनमधले संगीताचे मोठे पुरस्कार), आधीचा रेकॉर्ड चारचा होता. त्यात गीतकाराचा पुरस्कार पण होता, तो घेणारी ती पहिली बाई. आता सांगा, हे नाव कंपनीत झालं का कंपनी सुटल्यावर? पोरगी तीच, गळा तोच. बदललं एवढंच की कोणतं गाणं कधी बाहेर येणार हे आता ती ठरवायली. स्वतंत्र म्हणताना माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आता मी हिच्यावर का लिहिलं ते सांगतो, पोस्टमध्ये हे सांगायचं राहिलं.

माझे मामा गंगाखेडच्या बाजूचे. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, पेटी घेऊन स्वतःच गायचे. कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीनं त्यांची आठ गाणी घेतली, हजार-दीड हजार रुपये हातावर ठेवले आणि एका कागदावर सही घेतली, कागद इंग्रजीत. मामांना आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, घरात पेढे वाटले. कॅसेट आली तर गाणारा दुसराच, कव्हरवर मामांचं नाव नाही. तेही त्यांनी सोसलं असतं. पण आपल्याकडं शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, जनाबाईच्या काळापासूनची रीत आहे ही, "नामयाची जनी" असं आपलं नाव घेतल्याशिवाय तिचा अभंग पुरा होत नाही, आणि ती जनाबाई तर आमच्या गंगाखेडचीच. मामांच्या आठही गाण्यांची शेवटची कडवी कापली होती. कॅसेटमध्ये बसत नव्हती म्हणे. लग्नात, जत्रेत, टेम्पोत ती गाणी वाजायची आणि मामा ऐकत बसायचे, गाणं जिथं संपायचं तिथून पुढचं कडवं ते हळू आवाजात एकटेच म्हणायचे. मी लहान होतो, मला वाटायचं मामांना गाणं लई आवडतं म्हणून म्हणायलेत.

म्हणून ती लंडनची पोरगी मला परकी वाटली नाही दादा.

पैशाचं तुमचं बऱ्याच अंशी खरंय. आज लातूरच्या पोराला मोबाईलवर रेकॉर्ड करून डिस्ट्रिब्युटरमार्फत थोड्या पैशात गाणं जगभर टाकता येतं, पण स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत निदान हजार वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत, आणि हजारानंतर पण चहापाण्यापुरतं सुटलं तर सुटलं. त्यावर घर चालत नाही. पण गरिबाला परवडत नाही म्हणून त्यानं कागद न वाचता सही करावी असं थोडीच आहे? उलट ज्याच्याकडं गाण्याशिवाय काहीच नाही त्यानं तर ते जास्त जपायला पाहिजे. २०१२ ला आपल्याकडं कॉपीराइटचा कायदा बदलला, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी ते लावून धरलं होतं. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही, तो वारसांकडं जाईल नाहीतर आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडं. मामांची सही त्याच्या कितीतरी आधीची. आणि खरं सांगू का, आजही आपल्याकडच्या किती लिहिणाऱ्या पोरांना हे माहितीय? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही आयपीआरएस काय ते माहिती नव्हतं.

शाहिरांचं म्हणाल तर तो टोला बरोबर बसला. मागच्या महिन्यात मामांना बसवून पाच गाणी फोनवर रेकॉर्ड केलीत, शेवटच्या कडव्यांसकट, तीन बाकी आहेत, आता आवाज लवकर दमतो त्यांचा. तुमच्या गावचे दोन शाहीर तुम्ही लिहिलेत ना, त्यांना एकदा विचारून ठेवा. वह्या असतील तर सांभाळून ठेवायला सांगा, कुणाला देऊ नका म्हणावं. दिवाळीनंतर मी येतो, माईक माझा, पेटी तेवढी तिकडं बघा.