साबणाची दाढ

सध्या आमच्या घरी साबण फार लागतो. कुणी जास्त आंघोळी करतंय म्हणून नव्हे, मी दाढा कोरते म्हणून. बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आलंय आणि त्यात मेणाच्या ठोकळ्यातून हुबेहूब दात कोरून द्यायचा असतो. गेल्या महिन्यात कॉलेजात तीन तास खपून मी वरची पहिली दाढ कोरली. मॅडमनी ती चहूबाजूंनी न्याहाळली, "बटाटा छान जमलाय" म्हणाल्या आणि मूळ कट्कन मोडून परत दिली. मेण आता परवडत नाही. म्हणून साबण.

ही दाढ भलती नखरेल. तीन मुळं, दोन गालाकडे, एक टाळूकडे. माथ्यावर चार उंचवटे, आणि पुढच्या टाळूकडच्या उंचवट्याच्या कडेला चिकटलेलं एक पिटुकलं टेकाड. त्याला व्हिएन्नाच्या कॅराबेली नावाच्या दंतवैद्याचं नाव आहे. खऱ्या माणसांत ते कुणाला असतं, कुणाला नसतं. माझ्या साबणाला मात्र असावंच लागतं.

उजवीकडच्या या दाढेचा नंबर १६. पण सोळा म्हणायचं नाही, एक-सहा म्हणायचं. एक म्हणजे वरचा उजवा भाग, सहा म्हणजे मधल्या रेषेपासून सहावी. आणि उजवा म्हणजे पेशंटचा उजवा, जो समोर उभं राहिलं की माझ्या डाव्या हाताला येतो. मी हे मोठ्याने पाठ करत होते तेव्हा आजी शेंगा निवडत बसली होती.

"सोळाला एक-सहा म्हणायला पाच वर्षं लागतात होय गं?"

थिअरी त्यातल्या त्यात सोपी. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी दात वर आला की संपतात आणि त्या जागा पुन्हा भरल्या जात नाहीत. बाबा सरकारी नोकरीत आहेत, त्यांना हे पहिल्या झटक्यात कळलं.

माझं घोडं अडतं ते झिजेपाशी. दातावर दात घासून झिजला तर ॲट्रिशन. बाहेरची वस्तू घासून झिजला तर ॲब्रेजन. ॲसिडने विरघळला तर इरोजन, पण ते ॲसिड जंतूंनी केलेलं नको, नाहीतर ती कीड झाली. तोंडी परीक्षेत समोर परीक्षक बसले की या तिघांची माझ्या डोक्यात मिसळ होते. शेवटी काल जेवणानंतर टॉर्च घेऊन घरच्यांनाच रांगेत बसवलं. बाबा झोपेत दात खातात, म्हणजे ॲट्रिशन. दादा रोज कोल्ड्रिंक ढोसतो, म्हणजे इरोजन होईल लवकरच. आजीनं चाळीस वर्षं मशेरी घासली, म्हणजे उरलेल्या सात दातांवर ॲब्रेजन. आजीनं दोन सेकंद तोंड उघडलं आणि मिटलं. "आधी पास हो, मग बघ."

मग रात्री दोनपर्यंत बसून आयुष्यातली सर्वोत्तम दाढ कोरली. चारही उंचवटे जागच्या जागी, तिन्ही मुळं शाबूत, कॅराबेलीचं टेकाड तर असं की मॅडमनाही मोडवलं नसतं. टेबलावर मुंग्या होत्या, म्हणून बाथरूमच्या फळीवर नीट उभी करून ठेवली आणि झोपले.

सकाळी बाबांच्या आवाजाने जाग आली. "अगं, हा साबण टोचतो कसा काय?"

धावत गेले. दार जरासं उघडलं, ओला हात बाहेर आला. हातात दाढ. टेकाड गायब, उंचवटे सपाट, टाळूकडचं मूळ अर्धं. दातावर दात घासला नव्हता, त्यामुळे ॲट्रिशन बाद. बाबांची पाठ ही बाहेरची वस्तू धरली तर ॲब्रेजन. पण विरघळलंही होतंच की.

"बाबा, एक सांगा," मी दारातून विचारलं, "तुम्ही काल लिंबू घातलेल्या पाण्याने आंघोळ करणार होतात, ती आज केलीत का?"