व्हेंचुरीचं माप विचारलं की सगळ्यांची दातखीळ का बसते?

घरच्या लेथवर 10 सीसीचं इंजिन बनवताना सिलिंडरने, पिस्टनने, कॅमने छळलं, ते मी निमूटपणे सोसलं. पण हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या बोटाएवढ्या कार्बोरेटरने जे डोकं फिरवलंय त्याला तोड नाही. आणि राग कार्बोरेटरवर नाहीच, तो विकणाऱ्यांवर आहे.

कुठलीही ऑनलाइन जाहिरात उघडा. "ब्रश कटर कार्बोरेटर, 52 सीसी, हेवी ड्यूटी, युनिव्हर्सल फिटिंग." सगळ्या बाजूंनी फोटो. वजन दिलंय, खोक्याची लांबी-रुंदी दिलीय. व्हेंचुरीचा, म्हणजे हवा जिथून आत जाते त्या अरुंद भोकाचा व्यास? तो सोडून सगळं. मेसेज करून विचारलं तर उत्तर येतं, "सर, एकदम ओरिजिनल पीस आहे." अरे असेल बाबा ओरिजिनल, भोक किती मिलिमीटरचं आहे ते सांग की!

बरं, पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानात जाऊन समोरासमोर विचारावं म्हटलं.
"गाडी कुठली?"
"गाडी नाही हो, मॉडेल आहे."
"मॉडेल कुठलं? कितीचं?"
कपाळावर हात. शेवटी त्याने कुठल्यातरी जुन्या मोपेडचा कार्बोरेटर काउंटरवर आपटला. "हा लावा, याहून बारीक येत नाही. मेन जेट बदला, चालेल." खिशातला व्हर्नियर लावला, तर 14 मिलिमीटर! आणि हा सल्ला एकटा तोच देत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "बसव कुठलाही, ट्यूनिंग करून घे."

ट्यूनिंग कशाचं करू? सिलिंडरचा व्यास (बोअर) 24 मिलिमीटर, पिस्टनची धाव (स्ट्रोक) 22, म्हणजे जवळपास 10 सीसी. फोर-स्ट्रोक, 3000 आरपीएम धरा. मिनिटाला 1500 सक्शन, म्हणजे 15 लिटर हवा. ही सगळी हवा चारांतल्या एकाच स्ट्रोकमध्ये आत येते, म्हणून सक्शन चालू असताना सेकंदाला एक लिटर या दराने. 5 मिलिमीटरच्या व्हेंचुरीतून ती सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून घेते. तीच हवा 14 मिलिमीटरमधून जाऊ दे, वेग उतरतो साडेसहा मीटरवर. तेवढ्या फुंकरीने पेट्रोल वर चढणार जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर. जेटच्या तोंडाशी पोचतच नाही, मग मेन जेट बदलून काय त्याची पूजा करू?

ब्रश कटरवाल्याची आणखी एक गंमत. त्यात पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नसतो, डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा पंप असतो, आणि तो चालतो टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर. माझं फोर-स्ट्रोक, त्याचा क्रँककेस उघडाच आहे. धक्के कोण देणार, शेजारी? जाहिरातीत मात्र "सर्व इंजिनांना फिट"!

मग कोणीतरी शहाणा सुचवतो, मॉडेल विमानाचा घे. माप जमतं, मान्य. पण तो बनवलाय मेथॅनॉलसाठी. मेथॅनॉलला वजनाने एका भागाला साडेसहा भाग हवा पुरते, पेट्रोलला 14.7 लागते. म्हणजे पेट्रोलवर त्याची नीडल, पेट्रोलची धार कमी-जास्त करणारी सुई, जवळजवळ बंदच ठेवायची. पूर्ण जोरात असताना माझं इंजिन मिनिटाला पावणेदोन मिलिलिटर पेट्रोल पिणार, तिथे नीडल केसभर इकडे की काळा धूर, केसभर तिकडे की फट्‌ करून बंद. नेमकं हे विकताना कोणी सांगत नाही. किंमत मात्र अशी सांगतात की जणू सोन्याची नथ आहे.

फिटिंगचा तर विषयच नको. कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या, मॅनिफोल्डच्या जॉइंटमधून इंजिन हवा घेत होतं. एकदम रेस व्हायचं आणि झोपायचं. जॉइंटवर जाड ऑइलचा थेंब सोडला की आवाज बदलायचा, म्हणजे गळती तिथेच. दुकानदाराने छातीठोकपणे सिलिकॉनची ट्यूब दिली. पेट्रोल लागलं की साधं सिलिकॉन फुगतं आणि सुटून येतं, हे पार्ट विकून केस पांढरे झालेल्या माणसाला माहीत नसावं? दुसऱ्याचा सल्ला टेफ्लॉन टेप. तिचा एक तंतू सुटला की थेट जेटमध्ये. शेवटी गॅस्केट पेपर कापून, फ्लॅंज काचेवर घासून सपाट केली, तेव्हा गळती थांबली.

आता 5 मिलिमीटरचा कार्बोरेटर स्वतःच खरवडून काढलाय. पितळेची बॉडी, आडवी नळी, शिवणकामाच्या सुईची नीडल. टाकी रुंद आणि उथळ, पेट्रोलची पातळी जेटच्या जराशी खाली. चालतोय चांगला.

पण त्यात घालायचं काय? पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. मला कपभर हवंय हो, आग लावायची नाहीये कुठे! जुन्या स्कूटरला कॉक होता, नळी काढली की काम झालं. 2020 नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस-6 नियमाच्या बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या आत, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन. म्हणजे पेट्रोल माझं, गाडी माझी, आणि पेट्रोल काढायला मलाच सर्व्हिस सेंटरला विनवणी. तिथला पोरगा परवा विचारतो कसा, "काका, पण हे इंजिन नेमकं कशाला लागतं?"