बोन्सायला थंडीत प्लास्टिक गुंडाळू नका

थंडी पडली की दरवर्षी एक संदेश फिरू लागतो: कुंड्या घरात घ्या, पाणी बंद करा, रात्री प्लास्टिक गुंडाळा आणि पानगळ थांबवायला चमचाभर युरिया घाला. यातला एकही सल्ला सरसकट पाळण्यासारखा नाही.

आधी प्लास्टिक, कारण झाडं त्यानंच जास्त बिघडतात. निफाडकडे पारा ५ अंशांखाली उतरतो, तशा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही गार होतात. पातळ पॉलिथिन ही ऊब फारशी अडवतच नाही. सकाळी कागद उचलून बघा: आतून थेंब, आणि पान जिथे टेकलं तिथे काळपट, पाणचट डाग. ऊन चढेपर्यंत कागद तसाच राहिला तर आत भट्टी होते. त्याऐवजी डाळिंब-कलिंगडवाले वापरतात ते क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचं पातळ, हवा खेळती ठेवणारं कापड, किंवा जुनी सुती चादर घ्या. चार काठ्या रोवून शेंड्यापेक्षा वीतभर वर ताणा. सूर्यास्ताआधी झाका, सकाळी आठ-नऊला काढा.

मुळांचंही बघायला हवं. बोन्सायच्या दोन-तीन इंच खोल ट्रेमधली माती रात्रीत हवेइतकी गार होते. ट्रे स्टँडवरून उतरवून दिवसभर उन्हात तापणाऱ्या भिंतीलगत ठेवा, कडेनं गोणपाट लावा.

पाणी बंद करणं तर घातकच. हिवाळ्यातली कोरडी हवा ट्रे सुकवते, आणि ओली माती कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. इंचभर काडी खुपसा. कोरडी निघाली तर सकाळी दहाच्या सुमारास पाणी द्या, संध्याकाळी नको. अपवाद अडेनियमचा, म्हणजे फुगीर खोडाच्या त्या फुलझाडाचा. त्याची पानं गळाली की पाणी जवळजवळ तोडा, नाहीतर खोड बुडाशी मऊ पडून कुजतं.

घरात कोणाला घ्यायचं? फायकसला, म्हणजे वडाच्या जातीतल्या झाडांना, तेही सलग काही रात्री १० अंशांखाली जाणार असतील तर, आणि उजेडाच्या खिडकीशी. रोज आत-बाहेर केलं तर पानं त्यामुळेच गळतील. जुनिपरला, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाला, मात्र थंडीची विश्रांती लागते, तो बाहेरच हवा. घरात तो मेला तरी काही आठवडे हिरवा दिसतो, म्हणून चूक उशिरा कळते.

युरिया नकोच. त्यानं फुटलेले कोवळे कोंब थंडी आधी मारते. गार मातीत मुळं मंदावलेली असल्यानं क्षार साचून त्यांची टोकं जळतात. पिंपळाची पानगळ तर निसर्गक्रमच आहे. खत फेब्रुवारीअखेर, नवी फूट दिसल्यावर, अर्ध्या मात्रेनं.

करपलेल्या फांद्याही तोवर छाटू नका. सालीवर नखानं हलकं ओरखडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे.