‘पबमेड आणि स्कॉलर केलं की झालं’: खरंच झालं का?

सिनॉप्सिसचे (प्रबंधाच्या आराखड्याचे) दिवस आले की सोलापुरातल्या मेडिकल पीजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: “सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला पबमेड पुरेसं आहे. उरलेलं गुगल स्कॉलरवर मिळतं. एम्बेस पैसेवाल्यांचं काम. गाईड ऐकतच नसतील तर तीच सर्च चार डेटाबेसमध्ये पेस्ट करा, नावं वाढली की रिव्ह्यू भारी.”

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेला आढावा; पबमेड आणि एम्बेस हे वैद्यकीय पेपर शोधायचे डेटाबेस, त्यातलं एम्बेस पैसे भरून मिळणारं. मेसेजच्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका खपतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलाच एक प्रश्न घेऊन तो तपासू: विडी वळणाऱ्या बायकांमध्ये श्वसनाचे विकार जास्त आढळतात का?

पबमेड फुकट आहे, चांगलं आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. पण संशोधक ब्रामर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५८ रिव्ह्यू तपासले. डेटाबेस शोधून मिळालेल्या १,७४६ उपयोगी संदर्भांपैकी १६ टक्के असे होते, जे कुठल्यातरी एकाच डेटाबेसने दिले. अशा एकट्या संदर्भांत एम्बेसचे सर्वाधिक, १३२.

शिवाय पबमेड म्हणजे मेडलाइन नव्हे; मेडलाइन हा पबमेडचा एक मोठा भाग. मेडलाइनच्या नोंदींना मेश संज्ञा, म्हणजे विषय सांगणारे ठरावीक यादीतले शब्द, लावलेल्या असतात. पबमेडमधल्या बाकीच्या अनेक नोंदींना त्या कधीच लागत नाहीत. नुसत्या मेशवर शोधलं की त्या सगळ्या हातच्या जातात. म्हणून प्रत्येक संकल्पनेसाठी मेश संज्ञा आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द ‘ऑर’ने जोडायचे. विडीचंच बघा. इंग्रजीत कोणी ‘बी-आय-डी-आय’ लिहितं, कोणी ‘बी-डबल-ई-डी-आय’, बंगालकडचे लेखक ‘बी-आय-आर-आय’. एक स्पेलिंग सुटलं की त्यामागचे पेपर सुटले. पहिली तीन अक्षरं टाकून पुढे फुली (*) मारायचा शॉर्टकटही चालत नाही: पबमेडला फुलीआधी किमान चार अक्षरं लागतात, आणि फुली लावली की त्या शब्दाचं आपोआप होणारं मेश-मॅपिंग (जुळणारी मेश संज्ञा जोडणं) बंद पडतं.

स्कॉलरची अडचण आणखी सरळ आहे. शोधवाक्य साधारण २५६ अक्षरांपुरतं. वरची स्पेलिंगं, त्यात दमा, खोकला, फुप्फुसाची क्षमता आणि त्यांचे पर्यायी शब्द घातले की जागा संपली. निकाल लाखभर दाखवले तरी पाहता येतात फक्त पहिले १,०००, तेही स्कॉलर ठरवेल त्या क्रमाने. आज केलेली सर्च सहा महिन्यांनी तशीच मिळेल याची खात्री नाही. तरी ते टाकाऊ नाही. ब्रामर यांनीही पहिले २०० निकाल चाळायला सांगितलंच आहे, आणि हाताशी असलेला एखादा पेपर पुढे कोणी कोणी उद्धृत केला हे बघायला ते झकास.

एम्बेस महाग आहे, हे मान्य. पण ‘नाही म्हणून सोडून दिलं’ आणि ‘नाही म्हणून दुसरी वाट काढली’ यांत फरक आहे. प्रश्न औषधाच्या ट्रायलचा असेल तर कॉक्रेन संस्थेचं सेंट्रल, म्हणजे ट्रायलच्या नोंदींचा डेटाबेस, शोधा. त्यात एम्बेसमधून उचललेल्या ट्रायलच्या नोंदी असतात आणि शोधायला पैसे पडत नाहीत. जोडीला आपली सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलची नोंदवही, बघायचीच. ती २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, त्यामुळे न छापलेल्या ट्रायलचाही माग लागतो.

विडीच्या प्रश्नाला मात्र सेंट्रलचा उपयोग जवळजवळ शून्य. तंबाखूची धूळ कोणाच्या नाकात जाणार हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. अभ्यास सगळे निरीक्षणात्मक. तिथे जागतिक आरोग्य संघटनेचा ग्लोबल इंडेक्स मेडिकस जास्त कामाचा. तो फुकट आहे, आणि आग्नेय आशिया विभागाची सूची त्यातच येते. कॉलेजकडे स्कोपस (पैसे भरून मिळणारा आणखी एक डेटाबेस) असेल तर तेही. एम्बेस शोधलं नाही, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

सगळ्यात घातक सल्ला पेस्ट करण्याचा. मेशमधलं ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ एम्बेसच्या एमट्रीत (त्यांच्या स्वतःच्या शब्दयादीत) ‘हार्ट इन्फार्क्शन’ होतं. शब्द शीर्षक-सारांशातच शोधा असं सांगणारी खूण पबमेडमध्ये चौकटी कंसात, एम्बेसवर कोलननंतर. तशीच ओळ डकवली की एक तर शून्य निकाल, नाहीतर भलताच ढीग, आणि शून्य आलं की विद्यार्थी खुशाल लिहितो, “एम्बेसमध्ये काही नाही.” हे पकडायची युक्ती सोपी आहे: विषयातले आधीच माहीत असलेले आठ-दहा पेपर वेगळे काढा. त्यांतले जे त्या डेटाबेसमध्ये आहेत, ते सगळे तुमच्या सर्चमध्ये यायला हवेत. एखादा आला नाही तर त्याची नोंद उघडून कोणता शब्द सुटला ते बघा, तो घाला आणि सर्च पुन्हा चालवा.

राहिली नावांची संख्या. एकमेकांच्याच नोंदी असलेले सहा डेटाबेस घेतले की वाढतात त्या डुप्लिकेट. प्रत्येक नावापुढे ‘इथे असं काय आहे जे आधीच्यात नाही’ याचं एका ओळीत उत्तर लिहा; सुचलं नाही तर ते नाव काढा. उरलेल्यांसाठी डेटाबेसचं नाव, प्लॅटफॉर्म (ऑविड या शोधमंचावरचं मेडलाइन आणि पबमेड या दोन वेगळ्या नोंदी), तारीख, पूर्ण शोधवाक्य आणि मिळालेला आकडा त्याच दिवशी टिपून ठेवा. प्रिस्माचा (रिव्ह्यू कसा मांडायचा त्या नियमावलीचा) फ्लोचार्ट भरायला डुप्लिकेट काढण्याआधीचे आकडे लागतात, आणि सगळं एकत्र केल्यावर ते वेगळे काढणं फार किचकट होऊन बसतं.